गांडुळं रानात का दिसत नाहीत? जमिनीप्रमाणे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं काळं रान आहे, त्यात ऊस. सासुरवाडी जत तालुक्यात, तिथं मुरूम. बहीण दिलीय शिराळ्याच्या पश्चिमेला, तिथं तांबडी माती आणि भात. त्यामुळं "गांडुळं कमी का झाली" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, "कुठल्या रानातली?" गेली काही वर्षं जाईन तिथं मी एक फुटाचा खड्डा काढून मोजत बसतो. घरचे हसतात. पण पाव्हण्यारावळ्यांचे आणि गावातल्यांचे प्रश्न येत राहतात, आणि तेच तेच येतात. म्हणून एकदा सगळे लिहून काढले.

गांडूळ म्हणजे गांडूळच ना? मग एका रानात वर दिसतं आणि दुसऱ्यात खोल जातं, असं का?

गांडुळाच्या पुष्कळ जाती आहेत, आणि राहायच्या सवयीवरून त्यांचे ढोबळ तीन गट पडतात. पहिला गट पालापाचोळ्यात आणि शेणात राहणारा. ही गांडुळं माती फारशी खात नाहीत, कुजकं खातात. खताच्या बेडमधली लालसर आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजिनी ही याच गटातली. दुसरा गट मातीत आडवी बिळं करत फिरतो, मातीच खातो आणि तिच्यातला सेंद्रिय अंश पचवतो. ही फिकट, करडी दिसतात आणि सहसा वरच्या फूटभरात असतात. तिसरा गट उभी, खोल बिळं करतो. रात्री वर येऊन पाला ओढून आत नेतो.

आपल्या रानात सर्रास सापडणाऱ्यांपैकी एक म्हणजे लॅम्पिटो मॉरिटी. शाळेत चिरफाड करायला मिळायचं ते फेरेटिमा पोस्थुमा. नावं पाठ नसली तरी चालेल. शेणातलं गांडूळ वेगळं आणि रानातलं वेगळं, एवढं ध्यानात ठेवा. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

दुसरी गोष्ट, गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते कातडीनं श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी ओली लागते. म्हणजे त्याला ओल हवी, पण मातीच्या पोकळ्यांत हवाही हवी. ओल गेली तर मरण, हवा गेली तरी मरण. प्रत्येक जमीन या दोनपैकी कुठंतरी अडते.

काळ्या रानात उन्हाळ्यात एकही गांडूळ दिसत नाही. मेली का?

बहुतेक नाही. खाली गेलीत.

काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते. मार्च-एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून वारं थेट खालच्या थरापर्यंत पोचून ओल उडवतं. भेगा पडायच्या आधीच गांडूळ ओलीच्या मागं खाली सरकतं. तिथं हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी पोकळी करतं, तिला आतून चिकट स्रावाचा लेप देतं आणि अंगाची गाठ मारून पडून राहतं. खाणं बंद, हालचाल बंद.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात पाइपलाइनसाठी चर काढला होता. तीन फुटांवर ढेकूळ फुटलं आणि आत सुतळीची गाठ पडावी तसं गांडूळ. कोरडं, काळपट, मेल्यासारखं. घमेल्यात ओली माती घेऊन त्यात ठेवलं, वर गोणपाट टाकलं. सकाळी बघतो तर गाठ सुटलेली आणि घमेल्याच्या बुडाशी बीळ पाडायचं काम सुरू!

ज्या उसाला उन्हाळाभर पाळीचं पाणी असतं तिथं भेगा पडत नाहीत आणि गांडुळंही वर राहतात. मे महिन्यात शेजारच्या रिकाम्या रानात आणि आपल्या उसाच्या सरीत, दोन्हीकडं खोरं मारून बघा.

मग पावसाळ्यात त्याच काळ्या रानात ती रस्त्यावर का येतात?

आता उलटी अडचण. काळ्या रानात पाणी मुरायला वेळ लागतो. दोन-तीन दिवस झड लागली की पोकळ्या पाण्यानं भरतात आणि त्या पाण्यातला प्राणवायू मुळं, जिवाणू आणि गांडुळं मिळून संपवतात. हवा असलेल्या पाण्यात गांडूळ बरेच दिवस काढू शकतं. तुंबलेल्या, कुबट पाण्यात नाही. शिवाय ओल्या जमिनीवरून सरकणं सोपं असतं, तेव्हा जागा बदलायला हाच काळ बरा. बाहेर आल्यावर ऊन पडलं की मात्र संपलं. त्याची कातडी ऊन सोसत नाही, आणि डांबरावरून परत बीळ सापडत नाही.

पहिल्या वळवानंतर एखादं-दुसरं दिसलं तर ते ठीक. पण तुमच्याच सरीतून सकाळी पन्नास-शंभर गांडुळं बांधाकडं निघालेली दिसली, तर त्याकडं निचऱ्याची तक्रार म्हणून बघा. ज्या सरीत ती जास्त निघतात, त्याच सरीचा ऊस पुढं पिवळा पडतो असा माझा अनुभव आहे.

जत, आटपाडी, माण, खटाव अशा मुरमाड रानात गांडूळ जगतं का?

जगतं, पण वर्षातले थोडेच दिवस दिसतं. मुरमाड, बरड जमिनीत निचरा झकास, हवा भरपूर. कमी पडतं ते पाणी आणि खाणं. दोन दिवस पाऊस थांबला की वरची वीत कोरडी. त्यात मुरमाचे खडे टोकदार. गांडुळाचं मऊ अंग त्यातून नीट सरकत नाही. भुसभुशीत पोयट्यात ते अंगाचा पुढचा भाग पाचरीसारखा घुसवतं आणि मागचं अंग ओढून घेतं. अंगावरचे बारीक राठ केस मातीत रुततात म्हणून घसरत नाही. मुरमात पाचर घुसायला जागाच नाही, आणि फूटभर खाली कातळ असेल तर उन्हाळ्यात पळायला खालचा मजलाही नाही.

जत भागात परतीचा पाऊस महत्त्वाचा. सासऱ्यांच्या रानात मी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गांडुळं पाहिलीत, तीही सगळ्या रानात नाही. बांधाच्या सावलीत, लिंबाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी आणि तलावातला गाळ टाकलेल्या पट्ट्यात. गाळाचा पट्टा तर दोरी लावल्यासारखा वेगळा कळतो. आत खोरं मारलं की दोन-चार गांडुळं, पट्ट्याबाहेर मारलं की नुसता खणखण आवाज.

टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून त्या बाजूला बरीच रानं ओली राहू लागली. पण नुसत्या पाण्यानं गांडूळ येत नाही. मुरमात खाणं नसेल तर पाणी देऊनही खड्डा रिकामाच.

द्राक्षबागेत ठिबकच्या खाली गांडुळं आहेत, मधल्या पट्ट्यात एकही नाही. असं का?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागातून हा प्रश्न हमखास येतो. ठिबकच्या तोटीखाली ओलीचा कांद्यासारखा गोळा तयार होतो. बाग मुरमावर असली तरी त्या गोळ्यात ओल, हवा आणि मुळांची कुजकी बारकी तुसं, तिन्ही मिळतात. मधला पट्टा कोरडा, त्यावर ट्रॅक्टर आणि फवारणीच्या ब्लोअरची चाकं फिरून दगड झालेला. गांडूळ तिथं कशाला जाईल?

दुसरं कारण मोरचूद. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं जमिनीत पडलं की कुजत नाही, उडून जात नाही, वरच्या काही इंचांत वर्षानुवर्षं साठत जातं. आणि गांडूळ राहतं त्याच थरात. तांबं वाढलेल्या मातीतून गांडुळं दूर सरकतात, त्यांची अंडी घालायची गतीही घटते. बोर्डो फवारूच नका असं मी म्हणणार नाही. डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) आल्यावर बागायतदाराची काय अवस्था होते ते मला माहीत आहे. पण जुन्या बागेचं माती परीक्षण करताना तांब्याचा आकडा जरूर मागा, आणि छाटणीची काडी पेटवण्यापेक्षा बारीक करून ओळीत टाका.

चोपण, खारवट रानात गांडुळं सोडली तर जमीन सुधारेल का?

नाही. पैसे घालवू नका.

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात भरमसाट पाणी आणि निचरा नाही, यामुळं बरीच रानं क्षारपड झाली. सकाळी रानावर मीठ फुटल्यासारखा पांढरा थर दिसतो. जखमेवर मीठ टाकल्यावर पाणी सुटतं, तेच या मातीत गांडुळाच्या कातडीचं होतं: अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं. चोपण रानात सोडियम जास्त. त्यानं मातीचे कण सुटे होऊन पोकळ्या बुजतात, म्हणजे हवा बंद. अशा रानात सोडलेलं गांडूळ तासाभरात वर येऊन वळवळतं आणि मरतं.

उलट्या क्रमानं चला. आधी पाण्याला वाट द्या: उघडा चर काढा किंवा सच्छिद्र पाइप पुरा. माती परीक्षणात चोपण निघाली तरच जिप्सम. मग धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून गाडा. क्षार धुऊन निघाले की बांधावरची गांडुळं आपणच आत सरकतात, वर्षाला काही मीटर या चालीनं. आमच्या भावकीतल्या एका रानात पाइप पुरल्यावर पहिल्या वर्षी काहीच नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात बांधापासून पाच-सहा सऱ्यांपर्यंत विष्ठेच्या गोळ्या दिसल्या. तिथून पुढं कोरं. सीमारेषाच!

शिराळा, पाटण, जावळीकडच्या तांबड्या मातीत काय फरक पडतो?

तिकडं पाऊस धो-धो. पावसानं मातीतला चुना धुऊन जातो आणि माती आंबट होते. फार आंबट माती गांडुळांना मानवत नाही; सामू (pH) साडेचारच्या खाली गेला की बहुतेक जाती टिकत नाहीत. पण झाडीखाली पाल्याची जाड गादी असते, सावली असते, ओल टिकते. म्हणून जंगलाच्या कडेला पाला उचकटला तर गांडुळं भरपूर, आणि शंभर पावलांवर उघड्या जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) जवळजवळ नाहीतच. सड्यावर माती असते वीतभर, तीही उन्हाळ्यात तव्यासारखी तापते.

भातखाचरात चिखलणी केल्यावर गांडुळं बांधाचा आसरा घेतात. बहीण म्हणते, गांडुळं बांध पोखरतात. थोडं खरं आहे. पण बांधातून पाणी पळतं त्याला बहुतेक वेळा खेकडे जबाबदार असतात, आणि नाव होतं गांडुळाचं.

2019 च्या महापुरात गांडुळं संपली, आता परत येतील का?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्यानं 57 फुटांची पातळी ओलांडली. आमच्या नदीकाठच्या मळीच्या रानात आठवड्यावर पाणी थांबलं. पाणी ओसरलं तेव्हा जो वास होता तो अजून नाकात आहे. उसाच्या शेंड्याला गाळ, सरीत मेलेले मासे, आणि बांधाच्या उंचवट्यावर मेलेल्या गांडुळांचा थर. वाहत्या थंड पाण्यात ती तग धरतात, पण इथं पाणी तुंबलं, तापलं, त्यात पाला कुजला.

तरी ती परत आली, कारण कोष वाचतात. गांडुळाचा कोष म्हणजे लिंबाच्या आकाराचा, मोहरी ते जोंधळ्याएवढा दाणा. पूर किंवा दुष्काळ, मोठ्या गांडुळापेक्षा तो जास्त सोसतो. पुराचा गाळ वाळून पापुद्रा धरला होता तो आम्ही वाफशावर (ना चिखल, ना कोरडी अशी ओल असताना) हलका मोडला, त्यानं खाली हवा गेली. पुढच्या पावसाळ्यात बारकी, दोऱ्यासारखी गांडुळं दिसली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि पुन्हा तेच.

किलोवर मिळणारी गांडुळं विकत आणून रानात सोडावीत का?

हा माझा स्वतःचा जुना गाढवपणा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका विक्रेत्यानं "एकरी दहा किलो सोडा, नांगराची गरजच नाही" असं पटवलं. आणली, मे महिन्यात पाणी देऊन संध्याकाळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्या आणि बगळे जत्रेला आल्यासारखे. उरलेली चार दिवसांत गायब. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या रानात औषध जास्त आहे."

खरं कारण वरच्या पहिल्या उत्तरात आहे. ती शेणात राहणारी जात होती. उघड्या काळ्या मातीत तिला घरही नाही आणि जेवणही नाही. आयसेनिया फेटिडा खताच्या बेडमध्येच ठेवा. तिथं ती सहा-आठ आठवड्यांत वयात येते, कोष घालते आणि उत्तम खत देते. बेडमध्ये ताजं शेण घालू नका, ते तापतं. पंधरा-वीस दिवसांचं, थंड झालेलं घ्या. ते खत रानात टाका, गांडुळं नका टाकू. रानातल्या गांडुळांना तेच खत आमंत्रण.

पाचट पेटवल्यानं खरंच फरक पडतो का? आग तर वरच असते.

आग वर असते, पण खाणं आणि पांघरूण दोन्ही जळतं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीआड पसरून ठेवलं तर खाली ओल टिकते, माती तापत नाही आणि गांडुळं मे महिन्यातही वर राहतात. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकले की पाचट लवकर मऊ पडतं. ताजं, कडक पाचट गांडूळ खात नाही. त्याला दात नसतात; आधी बुरशी आणि जिवाणूंनी चावून द्यावं लागतं.

खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात) ज्या वर्षी पाचट ठेवलं, त्या वर्षी ऑक्टोबरात पाचट उचलून बघा. मातीला चिकटलेल्या बाजूला काळ्या, दाणेदार विष्ठेचा थर असतो. हातात घेतला तर चहाच्या चोथ्यासारखा सुटतो, वास पहिल्या पावसाचा.

युरिया आणि औषधांनी गांडुळं मरतात का?

युरियाची मूठ ओल्या जमिनीवर जिथं पडते, तिथल्या गांडुळांना अमोनियाचा चटका बसतो. पण बेतानं दिलेल्या रासायनिक खतानं रान गांडूळमुक्त होत नाही. पीक वाढतं, मुळं वाढतात, कुजायला जास्त मिळतं, त्याचा फायदाही होतो. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं टाकलं तर माती आंबट होते आणि गांडुळं घटतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हा धोका कमी, तांबड्या मातीत जास्त. शेणखत बंद करून नुसत्या पोत्यावर शेती केली की गांडुळं जातात, ती उपासमारीनं.

जमिनीत टाकायच्या दाणेदार कीटकनाशकांचं मात्र वेगळं. कार्बोफ्युरॉन आणि फोरेट गांडुळांना फार विषारी. फोरेटवर डिसेंबर 2020 अखेरपासून देशात बंदी आहे, तरी "जुना माल आहे" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

रोटाव्हेटरनं तुकडे झाले तर एकाची दोन गांडुळं होतात ना?

नाही. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब उरला तर त्याला शेपूट पुन्हा फुटू शकतं. शेपटीकडचा तुकडा काही वेळ वळवळतो आणि मरतो. रोटाव्हेटरचा खरा तोटा तुकड्यांपेक्षा बिळांचा: खोल, उभी बिळं करणाऱ्यांचं वर्षभराचं काम पंधरा मिनिटांत जातं. शिवाय नांगर-रोटाव्हेटर चालला की मागं बगळ्यांची रांग लागते, ती उगाच नाही.

इंग्लंडमध्ये एकरी दहा टन माती गांडुळं वर आणतात म्हणे. आपल्याकडं?

तो आकडा चार्ल्स डार्विनचा, 1881 सालचा, आणि तिकडच्या थंड, ओल्या कुरणांचा आहे. आपल्या सभा-मेळाव्यांत तो सर्रास आपल्या रानाचा म्हणून सांगतात, त्याचा मला राग येतो. आपलं गांडूळ वर्षातले काही महिनेच काम करतं, बाकीचा काळ झोपा काढतं. पाणी आणि पाचट दिलं तर कामाचे महिने वाढतात, तेवढं आपल्या हातात आहे. डार्विननं गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला होता. हवेतला आवाज त्यांना कळला नाही, पण पियानोची थरथर कळली आणि ती बिळात पळाली. म्हणून मोजायला जाताना पाय आपटत जाऊ नका.

मुळं खातात का?

नाही. जिवंत मूळ खात नाहीत. सडक्या मुळापाशी सापडली तर मूळ आधी सडलं, गांडूळ नंतर आलं.

सापडलं ते गांडूळच की साप, कसं ओळखावं?

वाळा साप गांडुळासारखाच दिसतो: काळा, बारीक, चकचकीत. पण त्याला खवले असतात, अंग कोरडं लागतं, वलयं दिसत नाहीत आणि निरखून पाहिलं तर जीभ बाहेर येते. बिनविषारी आहे, मारू नका. कोयनेकडच्या ओल्या भागात देवगांडूळ सापडतं. त्याला वलयं असतात, पण जबडा आणि दातही असतात. ते बेडकाच्या भाऊबंदांतलं, आणि गांडुळंच खातं. मांडूळ हा वेगळाच साप, त्याच्या तस्करीच्या भानगडीत पडू नका.

आमच्या रानात किती आहेत, कसं मोजू?

पावसाळ्यात किंवा पाणी दिल्यावर वाफसा आला की सकाळी लवकर जा. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्याची माती गोणपाटावर घ्या, ढेकळं हातानं फोडा आणि मोजा. बांधाजवळ एक, रानाच्या मधोमध एक, आणि पाणी तुंबतं तिथं एक, असे तीन खड्डे हवेतच. खोल गेलेली वर आणायची असतील तर मोहरीची पूड पाण्यात कालवून खड्ड्याच्या बुडात ओता. झोंबलं की ती वर येतात. मोजून झाली की साध्या पाण्यानं धुऊन परत सोडा. रात्री बघायचं तर बॅटरीला पतंगाचा लाल कागद बांधा, लाल उजेडाला ती फारशी बुजत नाहीत.

माझा अंदाज असा: काळ्या बागायती रानात एका खड्ड्यात दहाच्या आसपास मिळाली तर रान चांगलं चाललंय. मुरमात दोन मिळाली तरी मी खूश होतो. गेल्या ऑगस्टात आमच्या खोडव्यात पाचटाखाली चौदा निघाली, आणि जिथं मजुरानं चुकून पाचट पेटवलं होतं त्या तीन सऱ्यांत एक. ते एकही बांधाच्या कडेलाच होतं.